घरची शिळाछाप प्रत, मदीनेची प्रत आणि बर्मिंगहॅमची दोन पानं

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात आजोबांच्या वेळची कुरआनची एक जुनी प्रत आहे, हजहून आलेल्या नातेवाइकांनी दिलेली मदीनेची प्रत आहे आणि यूसुफ अलींचं इंग्रजी भाषांतर आहे. तिन्ही शेजारी ठेवली तर पारे, म्हणजे कुरआनचे तीस भाग, वेगवेगळ्या जागी सुरू होतात, अक्षरांवरच्या खुणा जुळत नाहीत आणि जुन्या इंग्रजी पुस्तकातला संदर्भ उघडावा तर भलतीच आयत (वचन) निघते. मग 'एकच पाठ' म्हणतात तो कोणता? आणि इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला असलेली कुरआनची जुनी पानं पैगंबरांच्याही आधीची निघाली असं जे फिरतं, त्यात तथ्य किती?

उत्तर लांब आहे, पण किल्ली एकच. फरक दिसला की तो कोणत्या थरातला आहे हे आधी ठरवायचं. सगळ्यात खाली अक्षरांचा नुसता सांगाडा असतो, त्याला 'रस्म' म्हणतात. त्यावर नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके. त्यावर जबर, जेर, पेश ही स्वरचिन्हं. मग आयत कुठे संपते याची मोजणी. मग वाचणाऱ्याच्या सोयीच्या खुणा: पारा, रुकू (काही आयतींचा परिच्छेद), थांबे. आणि सगळ्यात वर भाषांतर. घरच्या प्रतींमधले जवळजवळ सगळे फरक वरच्या थरांतले असतात. हस्तलिखितांचे अभ्यासक ज्यावरून भांडतात ते मात्र तळातलं असतं. दोन्ही एकाच पोत्यात कोंबलं की गोंधळ होतो, आणि व्हॉट्सअॅपवर नेमकं तेच होतं.

आधी घरच्या प्रती घेऊ. भारत-पाकिस्तानात छापलेल्या प्रतीच्या समासात 'ऐन' हे अक्षर दिसतं आणि त्याच्या वर, पोटात आणि खाली असे तीन आकडे असतात. ही रुकूची खूण. वरचा आकडा सूरहमधला (अध्यायातला) कितवा रुकू ते सांगतो, मधला त्या रुकूत आयती किती ते, आणि खालचा पाऱ्यातला कितवा रुकू ते. मदीनेच्या प्रतीत ही खूण नसतेच. तिथे पाऱ्याचे दोन हिज्ब आणि हिज्बचे चार भाग केलेले असतात. पारेही सगळे एकाच जागी सुरू होत नाहीत. आपल्याकडचा सातवा पारा 'व इझा समिऊ'ने, म्हणजे ५:८३ ला (पाचवी सूरह, आयत ८३) सुरू होतो. मदीनेत एक आयत आधी, ५:८२ ला. चौदावा आपल्याकडे 'रुबमा', म्हणजे १५:२, तिकडे १५:१. विसाव्यात चार आयतींचा फरक आहे (२७:६० आणि २७:५६), तेविसाव्यात सहा आयतींचा (३६:२२ आणि ३६:२८). महिनाभरात वाचून पूर्ण व्हावं म्हणून तीस भाग पाडले, ते कुठे पाडायचे यात दोन रीती पडल्या, इतकंच. मजकुरातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं नाही.

खुणांचंही तसंच. आपल्याकडे शब्दारंभीच्या अलिफवर थेट जबर देतात; मदीनेत अलिफवर आधी हमजा, मग जबर. मागच्या शब्दाला जोडून वाचताना जो अलिफ गळतो, त्यावर मदीनेत 'साद' अक्षराचं इवलंसं डोकं असतं; आपल्याकडे तो अलिफ कोरा. 'फी'सारख्या दीर्घ ईकारात आपल्याकडे 'ये'वर जज्म (स्वर नसल्याची खूण) असतो, मदीनेत नसतो. उच्चार दोन्हीकडे तोच. म्हणून मदरशात आपल्याकडच्या छपाईवर शिकलेलं मूल मदीनेच्या प्रतीवर पहिल्याच पानाला अडखळतं. मदीनेचं मुद्रणसंकुल याच कारणाने उपखंडासाठी आपल्या पद्धतीची वेगळी प्रतही छापतं.

मोजणीचं जरा निराळं आहे. लहानपणापासून कानावर पडलेला ६६६६ हा आकडा कुठल्याही परंपरागत मोजणीत बसत नाही. आपल्याकडे आणि मदीनेच्या नेहमीच्या प्रतीत चालते ती कूफा शहराची मोजणी: ६२३६. मोरोक्कोकडच्या प्रतीत मदीना शहराची जुनी मोजणी चालते: ६२१४. बावीस आयती गहाळ झालेल्या नाहीत, पूर्णविराम वेगळ्या जागी आहेत. सूरह फातिहावर हे लगेच पडताळता येतं. कूफी मोजणीत 'बिस्मिल्लाह…' हीच पहिली आयत. मोरोक्कोच्या प्रतीत ती मोजत नाहीत, पहिली आयत 'अल्हम्दु…'पासून. मग सात कशा होतात? शेवटच्या लांब आयतीचे 'अन्अम्त अलैहिम' इथे दोन तुकडे करतात. तसंच 'अलिफ-लाम-मीम' ही सुटी अक्षरं कूफी मोजणीत पूर्ण आयत धरतात, इतर शहरांच्या मोजणीत नाही.

जुन्या युरोपीय पुस्तकातल्या संदर्भाचा घोळ इथूनच येतो. गुस्ताव फ्ल्यूगेल याने १८३४ साली लाइपझिगमध्ये छापलेल्या प्रतीत आयतींचे आकडे कुठल्याच एका परंपरेला धरून नव्हते. पण युरोपातल्या विद्यापीठांत पुढची शंभर वर्षं तीच प्रत चालली. त्या काळातल्या ग्रंथातला आकडा आजच्या प्रतीत लागला नाही, तर चार-सहा आयती मागे-पुढे चाळा. बहुधा तिथेच सापडते.

आता आजोबांच्या प्रतीकडे. ती 'हस्तलिखित' आहे असा घरोघरी समज असतो आणि दहापैकी नऊ वेळा ती शिळाछाप असते. ओळखायची रीत सोपी आहे. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि एखादं लांब आडवं अक्षर पाहा. बोरूने लिहिलेलं असेल तर रेघेत शाई कुठे दाट, कुठे फिकी दिसते, बोरू टेकला आणि उचलला तिथे थेंब साचलेला असतो. शिळाछापात काळा रंग सगळीकडे सारखा, सपाट. खिळ्यांच्या छपाईत पानाच्या पाठीवर बोट फिरवलं तर अक्षरांचा दाब हाताला लागतो. शिळाछापात पाठ गुळगुळीत राहते. मग शेवटचं पान पाहा. तिथे छापखाना, शहर, कातिबाचं (लिहून देणाऱ्याचं) नाव आणि हिजरी सन असतो. हिजरी सनाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन एखाद्या वर्षाच्या फरकाने येतो: १३१० असेल तर १८९२-९३.

कुरआनच्या छपाईचा इतिहास शिळेपाशीच का वळला, हे समजण्यासारखं आहे. खिळ्यांवरचा पहिला प्रयत्न व्हेनिसमध्ये १५३७-३८ च्या सुमाराला पागानिनी पिता-पुत्रांनी केला. तुर्की बाजारात विकायचा बेत असावा. त्याची एकही प्रत उरली नाही असंच कैक शतकं मानलं जात होतं. १९८७ साली आंजेला नुओवो यांना व्हेनिसमधल्याच एका ख्रिस्ती मठाच्या ग्रंथालयात एक सापडली. ती पाहिली की धंदा का बुडाला ते कळतं. एकसारख्या दिसणाऱ्या अक्षरांत गल्लत, आणि स्वरचिन्हांचा ताळमेळ नाही. जिथे तिथे जबरच. ज्याला मजकूर तोंडपाठ आहे अशा गिऱ्हाइकाला हे कोण विकणार? पुढे हॅम्बुर्गला हिंकेलमान (१६९४) आणि पादुआला मराच्ची (१६९८) यांच्या आवृत्त्या निघाल्या, पण त्या पाद्री आणि प्राध्यापकांसाठी. मराच्चीच्या आवृत्तीत तर लॅटिन भाषांतराला खंडनाची जोड होती. मुसलमान वाचकांसाठी मुसलमान जाणकाराच्या देखरेखीखाली खिळ्यांवर छापलेली प्रत निघाली ती सेंट पीटर्सबर्गला १७८७ मध्ये, कॅथरीन राणीच्या हुकमाने; एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते काम कझानला गेलं.

खिळ्यांची अडचण यांत्रिक आहे. अरबी अक्षर शब्दाच्या आरंभी, मध्ये, शेवटी आणि सुटं असं चार रूपांत येतं. त्यावर नुक्ते, त्यावर स्वरचिन्हं, त्यावर तशदीद (द्वित्वाची खूण). जुळाऱ्याच्या पेटीत शेकडो खण लागतात, आणि स्वरचिन्हांची ओळ अक्षरांच्या ओळीवर वेगळी जुळवावी लागते. ती अर्ध्या अक्षराने सरकली की जबर शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसतो.

शिळाछापात हा प्रश्नच उरत नाही, कारण जुळारीच नसतो. कातिब खळ लावलेल्या कागदावर तेलकट शाईने सुलटं लिहितो. कागद ओलसर करून घासलेल्या चुनखडीच्या शिळेवर पालथा दाबला की अक्षरं शिळेवर उलटी उतरतात. मग डिंक आणि किंचित नायट्रिक आम्ल यांचं पाणी फिरवतात. जिथे तेलकट शाई नाही तिथे शिळा पाणी धरते. ओल्या शिळेवर शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त अक्षरांना लागते. सुंदर हस्ताक्षर जसंच्या तसं, आणि खर्च कमी. पण चुका होतात त्याही याच प्रक्रियेतून. आम्ल जास्त झालं तर सगळ्यात आधी खातं ते नुक्ते. कमी पडलं तर शिळा मळते आणि नसलेल्या जागी ठिपका उमटतो. आणि 'बे'खालचा एक ठिपका उडणं म्हणजे अक्षरच हरवणं. दुरुस्ती करायची तर शिळा खरवडून त्या जागी आरशातल्यासारखं उलटं लिहावं लागतं, म्हणून घाईच्या छापखान्यात ती राहून जाई. तुमच्या प्रतीत एखादा नुक्ता शेजारच्या प्रतीत नाही असं दिसलं, तर पाठभेद शोधण्याआधी त्याच पानावरचे बाकीचे ठिपके झिजलेत का ते पाहा.

शिळेचं तंत्र बव्हेरियात १७९६ च्या सुमाराला झेनेफेल्डरने काढलं, आणि पाव शतकाच्या आसपास ते हिंदुस्थानात पोहोचलं. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापलं ते याच तंत्राने. त्याच शहरातले शिळाछापखाने फारसी पुस्तकं इराणपर्यंत पाठवत होते. लखनऊला मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ साली छापखाना काढला आणि तो कुरआनच्या छपाईतलं फार मोठं नाव झाला. मालक हिंदू, कातिब आणि तपासनीस मुसलमान, आणि यात त्या काळी कोणाला नवल वाटलं नाही. इस्तंबूलमध्ये मात्र इब्राहिम मुतेफेर्रिकाला १७२७ मध्ये छापखान्याची परवानगी मिळाली ती धार्मिक ग्रंथ वगळून. तिथे अधिकृत छापील कुरआन यायला १८७४ उजाडलं. लाहोरची ताज कंपनी १९२९ ची. आज आपल्याकडे मशिदीत दिसणाऱ्या तेरा, पंधरा आणि सोळा ओळींच्या प्रतींचं वळण बरंचसं तिच्या छपाईने रूढ केलं. छपाईच्या चुकांवर पाकिस्तानात १९७३ साली स्वतंत्र कायदाच झाला, यावरून प्रश्न किती गंभीरपणे घेतला जातो ते कळावं.

कैरोची १९२४ ची आवृत्ती हा या इतिहासातला सर्वाधिक उद्धृत आणि तितकाच गैरसमजाचा टप्पा. 'कुरआनचा पाठ १९२४ साली ठरवला' असं वाक्य कुठे दिसलं तर पुढचं वाचन सावधपणे करा. झालं ते असं. इजिप्तच्या सरकारी शाळांत बाहेरून आयात केलेल्या प्रती वापरत, त्यांत चुका निघत. राजा फुआदच्या काळात एक समिती नेमली गेली. प्रमुख होते इजिप्तच्या कुरआन-पाठकांचे शेख मुहम्मद अल-हद्दाद. समितीने कुरआन वाचण्याच्या मान्य परंपरांपैकी हफ्स याने आसिमकडून घेतलेलं वाचन धरलं, कूफी मोजणी धरली, आणि अक्षरांचा सांगाडा कसा लिहायचा यासाठी अकराव्या शतकातल्या अंदलुसी (मुस्लिम स्पेनमधल्या) पंडितांचे, म्हणजे अबू अम्र अद-दानी आणि त्याचा शिष्य अबू दाऊद यांचे ग्रंथ धरले. मतभेद असेल तिथे कोणाचं घ्यायचं हेही ठरवलं आणि प्रतीच्या शेवटी सगळं लिहून ठेवलं. कैरोतल्या बुलाक छापखान्याच्या खिळ्यांवर मजकूर जुळवून, त्याच्या छापावरून प्लेट करून, गिझाला भूमापन खात्याच्या यंत्रांवर बारा ओळींचं पान छापलं. १९३६ मध्ये किरकोळ दुरुस्त्यांसह दुसरी आवृत्ती निघाली.

यात समितीने काय केलं नाही, ते जास्त महत्त्वाचं आहे. त्यांनी सातव्या-आठव्या शतकातली हस्तलिखितं काढून ताडून पाहिली नाहीत. पाठपरंपरा आणि लेखनपरंपरेवरचे ग्रंथ यांच्या आधाराने प्रत सिद्ध केली. त्यामुळे भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, तशी ही आवृत्ती नव्हे. दोघींचा हेतूच वेगळा. हफ्सचं वाचन त्याआधीच तुर्की साम्राज्यात आणि हिंदुस्थानात रुळलेलं होतं. कैरोने त्याला छापील शिस्त दिली. पुढे १९८४ मध्ये मदीनेचं मुद्रणसंकुल सुरू झालं. सीरियाचे कातिब उस्मान ताहा यांच्या हातची ६०४ पानांची, पंधरा ओळींची, प्रत्येक पान आयतीच्या शेवटीच संपणारी प्रत तिथून जगभर गेली. पान आयतीवर संपवण्याची युक्ती उस्मानी तुर्की कातिबांची; पाठांतर करणाऱ्याला पानाचं चित्रच डोळ्यांसमोर राहतं, म्हणून ती टिकली.

आता एक शब्द जवळून पाहू. फातिहाच्या चौथ्या आयतीतला शब्द सांगाड्यात फक्त तीन अक्षरांचा आहे: मीम, लाम, काफ. आपल्याकडे आणि मदीनेत मीमवर छोटा उभा अलिफ देऊन तो 'मालिक' वाचतात, म्हणजे धनी. मोरोक्कोत वर्श या पाठकाच्या वाचनाप्रमाणे अलिफ नाही: 'मलिक', म्हणजे राजा. मराठीत 'मालक' आणि 'मलिक' दोन्ही शब्द आले आहेत, त्यामुळे फरक समजावायला शब्दकोश लागत नाही. दोन्ही वाचनं परंपरेला मान्य आहेत. दहाव्या शतकात इब्न मुजाहिदने सात प्रमाण वाचनांची चौकट घातली, तीत दोन्ही बसतात. त्यामुळे एका भाषांतरात 'निवाड्याच्या दिवसाचा स्वामी' आणि दुसऱ्यात 'राजा' दिसला, तर कोणी मजकूर बदललेला नसतो.

पण 'सांगाडा सगळीकडे अक्षरशः एकच' हेही शंभर टक्के खरं नाही, आणि परंपरेने ते कधी लपवलेलंही नाही. ३:१३३ आपल्याकडे 'व सारिऊ' असं सुरू होतं. वर्शच्या प्रतीत आरंभीचा 'वाव' छापलेलाच नसतो. तिसरे खलिफा हजरत उस्मान यांनी शहरोशहरी पाठवलेल्या मूळ प्रतींमध्येच असे मोजके फरक होते अशी नोंद जुन्या ग्रंथांत आहे. हस्तलिखित कोणत्या शहराच्या परंपरेतलं, हे अभ्यासक याच फरकांवरून ओळखतात.

बर्मिंगहॅमची पानं. १९२० च्या दशकात आल्फोन्स मिंगाना याने जमवलेल्या संग्रहातली ही दोन चर्मपत्रं दुसऱ्याच एका हस्तलिखिताच्या पानांत चुकून बांधली गेली होती. आल्बा फेदेली यांनी ती वेगळी ओळखली, आणि पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली सोळा पानं ('अरबी ३२८ क') त्याच प्रतीची आहेत हेही लक्षात आलं. जुलै २०१५ मध्ये कार्बन चाचणीचा निकाल जाहीर झाला: इ.स. ५६८ ते ६४५, शक्यता ९५.४ टक्के. पैगंबरांचा काळ साधारण ५७० ते ६३२ धरतात. मग बातमीदारांनी ५६८ हा आकडा उचलला आणि 'पैगंबरांच्याही आधीचं' असा मथळा दिला.

कार्बन चाचणी शाईची नसते. ज्या जनावराचं कातडं आहे ते कधी मेलं एवढंच ती सांगते. लिहिणं त्यानंतर कधीही झालेलं असू शकतं. शिवाय मिळते ती एक पट्टी असते. तिचं सगळ्यात आधीचं टोक घेऊन बाकी सोडणं हे ६४५ घेऊन ५६८ विसरण्याइतकंच चूक. प्रयोगशाळाही नेहमी एकमताने बोलत नाहीत. येमेनमधल्या सनआच्या एका हस्तलिखिताच्या पानाला एका चाचणीत ५७८ ते ६६९ असा काळ मिळाला. त्याच हस्तलिखिताच्या दुसऱ्या पानांच्या चाचणीत पाचव्या-सहाव्या शतकात जाणारे आकडे आले, जे कोणालाच पटण्यासारखे नव्हते. म्हणून जाणकार तीन गोष्टी एकत्र धरतात: कार्बन, लिपीचं वळण (उजवीकडे कललेली हिजाझी लिपी, उभं पान) आणि शब्दांची लेखनरीत. तिन्ही धरून बर्मिंगहॅमची पानं सातव्या शतकातली ठरतात. काही अभ्यासक उत्तरार्धाकडे झुकतात. तेवढंही पुष्कळ आहे. मजकूर १८ ते २० या सूरांमधला आहे आणि सांगाडा आजच्या प्रतीशी जुळतो.

खरी चर्चा व्हायला हवी ती सनआची. येमेनच्या या राजधानीतल्या मोठ्या मशिदीची दुरुस्ती चालू असताना १९७२ मध्ये छताच्या पोकळीत जीर्ण चर्मपत्रांचा ढीग सापडला. जीर्ण कुरआन टाकायचं नाही म्हणून कधीकाळी अदबीने ठेवून दिलेला. १९८० च्या दशकात जर्मनीच्या मदतीने जतनाचं काम झालं. त्यातलं '०१-२७.१' हे हस्तलिखित दुहेरी आहे: आधीचा मजकूर धुऊन-खरवडून त्यावर पुन्हा कुरआनच लिहिलेलं. जुन्या शाईतला धातूचा अंश कातड्यात राहिला आणि काळाने तपकिरी होऊन वर आला. अतिनील प्रकाशात तो अधिक वाचता येतो. वरचा मजकूर आपल्या ओळखीचा. खालच्या मजकुरात मात्र शब्दांचे फरक आहेत, सूरांचा क्रम वेगळा आहे. नववीनंतर तिथे एकोणिसावी येते. हजरत उस्मानांच्या प्रतींच्या परंपरेबाहेरचं असं हस्तलिखित दुसरं उपलब्ध नाही. सादेगी आणि गुदर्झी यांनी २०१२ मध्ये खालचा मजकूर संपादित करून छापला; त्यांच्या मते ही सहाबांच्या (पैगंबरांच्या साथीदारांच्या) काळातल्या वेगळ्या पाठपरंपरेची प्रत. आस्मा हिलाली यांनी २०१७ मध्ये वेगळं मत मांडलं: हा विद्यार्थ्याचा सराव असावा. नववी सूरह 'बिस्मिल्लाह'शिवाय सुरू होते हे सर्वांना माहीत आहे. या पानावर लिहिणाऱ्याने ते लिहिलं आहे, आणि पुढे नोंद केली आहे, 'बिस्मिल्लाह म्हणू नकोस'. सराव म्हणणाऱ्यांचा हा हुकमी पुरावा. माझ्या मते सगळे शब्दभेद मात्र त्याने सुटत नाहीत. चुकणारा विद्यार्थी इतका अर्थपूर्ण चुकत नाही.

तळातल्या सांगाड्याचा सगळ्यात देखणा पुरावा मात्र कार्बनचा नाही, शुद्धलेखनाचा आहे. 'निअमत' या शब्दाचा शेवट कुरआनात कुठे गोल 'ते'ने लिहितात, कुठे लांब 'ते'ने. उच्चार जोडून वाचताना एकच, अर्थ एकच. लांब 'ते' अकरा ठिकाणी येते, आणि का, त्याला काही नियम नाही. मराईन फान पुटेन यांनी जुनी हस्तलिखितं घेऊन ही स्थळं तपासली (२०१९) आणि वेगवेगळ्या ठिकाणची हस्तलिखितं त्याच त्याच जागी तेच रूप लिहितात असं दाखवलं. तोंडपाठ ऐकून लिहिणाऱ्यांचं असं जुळणार नाही. पुढ्यात लेखी प्रत ठेवून, तिची लहरसुद्धा उतरवून घेतली तरच जुळेल. २७:२१ मध्ये एक अलिफ लिहिला जातो आणि वाचला जात नाही. मदीनेच्या प्रतीत त्यावर छोटं वर्तुळ असतं. तुमच्या घरातली प्रतही तो अलिफ आजतागायत वाहते आहे.

'उस्मानांची स्वतःची प्रत' म्हणून ताश्कंद आणि इस्तंबूलला दाखवतात त्या लिपीवरून नंतरच्या ठरतात. तुर्की विद्वान तय्यार आल्तिकुलाच यांनी इस्तंबूलची प्रत २००७ मध्ये छापली तेव्हा हेच म्हटलं. ताश्कंदच्या प्रतीची १९०५ मधली पीसारेवची भव्य छापील प्रतिकृती संदर्भासाठी वापरू नये: छापण्याआधी पुसट अक्षरं शाईने गिरवली गेली आणि काही चुकीची गिरवली गेली. जुनी हस्तलिखितं स्वतः पाहायची असतील तर बर्लिनच्या अकादमीत २००७ मध्ये सुरू झालेला 'कॉर्पस कोरानिकुम' प्रकल्प आणि पॅरिसच्या ग्रंथालयाचं 'गालिका' संकेतस्थळ पुरेसं आहे. छायाचित्रं मोफत आहेत. नुक्ते नसलेल्या पानावर थेट वाचायला जाऊ नका. सूरह कोणती ते आधी पाहा, छापील प्रत शेजारी ठेवा आणि 'अल्लाह' हा शब्द शोधून तिथून दोन्हीकडे सरका.

भाषांतराकडे येताना दोन नावं मुंबईची आहेत. अब्दुल्लाह यूसुफ अली जन्मले मुंबईत, १८७२ मध्ये. भाषांतर लाहोरहून १९३४ पासून भागांत निघालं. मार्माड्यूक पिक्थॉल १९२० ते १९२४ 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक होते, मग निजामाच्या नोकरीत हैदराबादला गेले, आणि १९३० मध्ये त्यांचं भाषांतर आलं. तुमच्याकडची यूसुफ अलींची प्रत कोणती, हे मात्र आतल्या पानावर पाहाच. मूळ लाहोरची, १९८० च्या दशकाअखेरीची सौदी संशोधित आणि अमेरिकेतली संशोधित, अशा आवृत्त्यांत टीपा गाळल्या-बदलल्या आहेत आणि शब्दही. मुखपृष्ठावर नाव मात्र सगळीकडे यूसुफ अलींचंच.

भाषांतर पारखायला संपूर्ण वाचावं लागत नाही. १:४ मध्ये स्वामी की राजा, आणि दुसऱ्या वाचनाची टीप आहे का. ३:७ मध्ये 'अल्लाहखेरीज कोणी जाणत नाही' इथे वाक्य संपवलं आहे की 'आणि ज्ञानात मुरलेले' यांनाही त्यात घेतलं आहे. आपल्या प्रतीत तिथे सक्तीच्या थांब्याचा छोटा 'मीम' असतो, मदीनेच्या प्रतीत 'थांबणं अधिक चांगलं' अशी खूण असते, म्हणजे एका विरामचिन्हाने अर्थाची बाजू घेतलेली आहे. ५:६ मध्ये वुजूच्या (नमाजाआधी हातपाय धुण्याच्या) वेळी पाय धुवायचे की त्यांवर ओला हात फिरवायचा. एकाच शब्दावर जबर वाचायचा की जेर, यावर सुन्नी-शिया भेदाचा एक धागा आहे. या तीन ठिकाणी भाषांतरकार गप्प बसला असेल तर इतरत्रही तो गप्पच बसला असणार.

उर्दूत शाह वलीउल्लाहांच्या दोन मुलांची दोन वळणं आजही चालतात. शाह रफीउद्दीनांचं शब्दाखाली शब्द, म्हणून वाक्यरचना अरबी राहते. ओळीखाली छापायला सोयीचं. शाह अब्दुल कादिरांचं बोलीतलं, १७९० च्या सुमाराचं. जुन्या प्रतीत अरबी ओळीखाली बारीक उर्दू असेल तर ती कोणाची, यावरून ती वाक्य म्हणून वाचायची की शब्दार्थ म्हणून, ते ठरतं. मराठी वाचकाच्या हाती विनोबांचं 'कुराण-सार' येतं, ते निवडक वचनांचं विषयवार संकलन आहे, संपूर्ण भाषांतर नव्हे; आयतीचा आकडा घेऊन त्यात शोधायला जाऊ नये.

देवनागरीत उच्चार छापलेल्या प्रतींबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवं. 'अलीम' हा शब्द घ्या. 'ऐन'ने लिहिला तर 'सर्वज्ञ', अलिफने लिहिला तर 'वेदनादायक'. दोन्ही कुरआनात पुन्हा पुन्हा येतात आणि देवनागरीत दोन्ही अगदी सारखे. 'कल्ब' मोठ्या 'काफ'ने म्हणजे हृदय, छोट्या 'काफ'ने म्हणजे कुत्रा. मराठीत आपण नुक्ता देत नाही, त्यामुळे हिंदी प्रतीत थोडाफार टिकणारा फरकही इथे बुडतो. अशी प्रत ऐकलेलं आठवायला ठीक. तिच्यावरून नव्याने शिकू नये.

संगणकावर मजकूर उतरवताना वेगळाच सापळा आहे. मदीनेच्या जुन्या संगणकीय पानांत प्रत्येक पानाचा स्वतंत्र फाँट आणि प्रत्येक शब्द हे एकच चित्राक्षर असतं. दुसरीकडे चिकटवलं की निरर्थक चिन्हं उमटतात. लेखात आयत द्यायची तर 'तन्जील' या संकेतस्थळावरच्यासारख्या तपासलेल्या युनिकोड पाठातून घ्या, चिकटवल्यावर फाँटमुळे ठिपक्यांची वर्तुळं उमटली नाहीत ना ते पाहा, आणि छपाईआधी त्या ओळी हाफिजाला (कुरआन तोंडपाठ असलेल्याला) दाखवा. शोध लागत नसेल तर शोधायच्या शब्दातला छोटा उभा अलिफ काढून पाहा. आणि आजोबांची प्रत लॅमिनेट करू नका, फाटल्या जागी चिकटपट्टीही लावू नका; तिचा गोंद काही वर्षांत कागद पिवळा करतो आणि काढताना वरची अक्षरं सोबत नेतो. आम्लरहित कागदात गुंडाळून आडवी ठेवा, आणि शेवटच्या पानाचा स्पष्ट फोटो आजच काढून ठेवा, कारण झिजतं ते आधी तेच पान.